भाकरी अक्काची, फोटो दुसरीचा

‘प्रवास’ हा शब्द नुसता वाचला तरी हल्ली मला मळमळतं. कुणी लोणचं विकायला काढलं की त्याचा प्रवास सुरू होतो. कुणी पापडाचं दुकान टाकलं की तोही प्रवासच. कुठल्याही छोट्या धंद्याची वेबसाइट उघडा, तिथं ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान असतं, आणि त्या पानावर सगळे कुठून तरी निघून कुठं तरी चाललेले असतात. काय विकता, कोण बनवतं, कुठं बनवतं, हे मात्र शोधून सापडत नाही. हा तमाशा मी लांबूनच बघत होते. मग माझ्या भाच्यानं तो आमच्या घरात आणला.

मी संतपूरच्या बाजूला एका हायस्कुलात मराठी शिकवते. आमच्या या कर्नाटकातल्या सीमेवरच्या भागात मराठीची मास्तरीण म्हणजे फुकटची लेखणी. लग्नपत्रिका तिनंच लिहायची, निरोपसमारंभाचं भाषण तिनंच, कुणी वारलं तर श्रद्धांजलीच्या फलकावरच्या ओळीही तिनंच. त्यामुळे अक्काच्या मुलानं फोन करून, “मावशी, आईच्या भाकरीची वेबसाइट करायलोय, तू आमच्याविषयी लिहून दे,” असं सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आनंदच झाला, कारण यावेळी निदान विषय माझ्या आवडीचा होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर हळ्ळीखेडच्या बाजूचं एक लहान गाव, आमच्या आजीचंही गाव तेच. घरामागं पत्र्याची शेड घालून ती ज्वारीच्या कडक भाकरी करते. हातानं थापून पापडागत पातळ केलेली, तव्यावर भाजून पुन्हा मंद आचेवर कडक वाळवलेली भाकरी. ही महिनाभर टिकते. आमच्याकडं लग्नात, परगावी शिकणाऱ्या पोरांच्या डब्यात आणि खऱ्याखुऱ्या, म्हणजे बसमधल्या प्रवासात, ती लागतेच. आळीतल्या बायका अक्काबरोबर थापायला येतात. भाकरी पाकिटात जाते, पाकीट हायवेवरच्या दुकानांत जातं.

आम्ही बौद्ध. त्याआधी कोण होतो ते गावाला सांगावं लागत नाही, गाव ते विसरलेलं नाही. आमच्या घरात पाण्याचा घोटही न घेणारी माणसं अक्काच्या भाकरीची पाकिटं दुकानातून घेऊन जातात, हे तिला चांगलं माहीत आहे. हातातून दिली तर चालत नाही, पाकिटातून दिली की चालते. प्लॅस्टिकनं सगळं शुद्ध होतं, असा आमच्या भागातला हा नवा शोध आहे.

‘आमच्याविषयी’चं पान लिहिणं खरं तर अजिबात अवघड नाही. दारात अनोळखी माणूस आला तर आपण त्याला जे सांगू तेच लिहायचं. मी कोण, काय करते, कुठं करते, कसं करते. सोबत करणारीचा चेहरा, म्हणजे घेणाऱ्याला कळतं की या भाकरीमागं कुणी तरी जिवंत माणूस आहे आणि काही कमीजास्त झालं तर कुणाला विचारायचं. मी तेवढंच लिहिलं. अक्काचं नाव आडनावासकट घातलं. गावचं नाव घातलं. ज्वारी कुठून येते, शेडमध्ये कोण कोण थापतं, आणि ही भाकरी गॅसच्या शेगडीवर होते, हेही घातलं, कारण ती गॅसवरच होते.

लिहिलेलं मी अक्काला वाचून दाखवलं. तिनं एकच शब्द काढायला लावला. मी ‘चविष्ट’ लिहिलं होतं.

“ते खाणाऱ्यानं म्हणायचं,” ती म्हणाली. “आपुनच कामून म्हणायचं?” मग जरा वेळानं, पिठाचे हात झटकत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “माझा फोटो येतंय व्हय त्यात?”

“येतंय की. तुझाच यायला पायजे.”

त्या आठवड्यात तिनं मला दोनदा फोन केला, हिरवं लुगडं नेसू का मोरपंखी, एवढंच विचारायला. अक्का कधी कुणाकडं काही मागत नाही. तिच्या लग्नातला फोटोसुद्धा कुणी काढला नव्हता. हा फोटो मात्र तिला हवा होता. तिची भाकरी तिच्या तोंडानं, तिच्या नावानं लोकांपुढं जावी, एवढीच तिची हौस होती, आणि मला ती फार वाजवी वाटली.

वेबसाइट बनवणारा कलबुर्गीचा. त्याच्या ऑफिसात भाचा मला घेऊन गेला. गार हवा, काचेचं टेबल, भिंतीवर इंग्रजीत स्वप्नं बघा वगैरे. माणूस गोड बोलणारा होता. माझा कागद त्यानं वाचला आणि हसून बाजूला ठेवला.

“मॅडम, सब ठीक है, पन स्टोरी होना,” तो म्हणाला. “स्टोरी नसली की कस्टमर कनेक्ट होत नाही.”

“भाकरी खाणाऱ्याला कशाशी कनेक्ट व्हायचंय?” मी विचारलं. “भाकरीशीच ना?”

तो पुन्हा हसला आणि त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. त्याच्याकडं तयार पानं होती. एकात तुपाची आजी, एकात मसाल्याची आजी, एकात लाकडी घाण्याच्या तेलाची आजी. सगळ्या आज्या नऊवारीत, सगळ्यांच्या नाकात नथ, सगळ्यांच्या मागं तांब्याची कळशी. सगळ्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यानं अक्काच्या नावावर पेन ठेवलं. खोडलं नाही, आडनावावर नुसतं टेकवून ठेवलं.

“हे जरा लोकल वाटतं,” तो म्हणाला. “आपण ‘आईच्या हातची’ एवढंच टाकू. आणि फोटोला कुणी थोडं… ट्रॅडिशनल चेहऱ्याचं बघू.”

असं आडनावावर टेकवलेलं पेन मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे. ते कुठं थांबतं ते मला पाठ आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भाच्याकडं बघितलं. तो पोरगा आता काही तरी बोलेल, निदान खाली मान घालेल, असं मला वाटलं. तो मान डोलावत होता.

परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात तो ‘परंपरा’ शब्द घुमत होता. आमच्या आजीची भाकरीची परंपरा काय होती ते मी आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं होतं. गावकीच्या कामाची आमच्या घरावर पाळी आली की आजी संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर जायची, दारापासून लांब उभी राहायची आणि भाकरी मागायची. आतून कुणी तरी यायचं आणि वरून टोपलीत टाकायचं. ती भाकरीही कडकच असायची, शिळी होऊन वाळलेली. धर्म बदलला त्या साली आजोबांनी ती टोपली चुलीत घातली आणि त्यानंतर आमच्यातलं कुणी कुणाच्या दारात भाकरीला उभं राहिलं नाही. घ्या, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. तिच्याशी होतंय का कुणी कनेक्ट?

अक्काला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी हातातलं पीठ चाळून संपवलं. मग म्हणाली, “पोरगं शिकलंय. त्याला कळतंय. करू दे.” मोरपंखी लुगडं तिनं घडी करून पेटीत ठेवलं.

ट्रॅडिशनल चेहरा भाच्याला गावातच सापडला. वरच्या आळीत एक मोठं घर आहे, तिथल्या बाई. गोऱ्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. फोटोची त्यांना आवड. त्यांची मुलगी पुण्यात असते, आपला फोटो इंटरनेटवर तिला दिसेल म्हणून त्या लगेच तयार झाल्या. त्यांचं घर म्हणजे आमच्या आजीच्या टोपलीतल्या घरांपैकीच एक. हे भाच्याला माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. आजच्या पोरांना या गोष्टी सांगायच्या तरी किती आणि कशा?

फोटोच्या दिवशी रविवार होता म्हणून मी गेले. जायला नको होतं. शेडमधली गॅसची शेगडी उचलून बाहेर ठेवली होती आणि विटा लावून एक खोटी चूल मांडली होती. ओली लाकडं, नुसता धूर. थापणाऱ्या बायका खोकून खोकून बाहेर येत होत्या आणि कॅमेरावाला धूर छान येतोय म्हणून खूश होता. मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. अक्काच्या शेडमध्ये समोरच्या भिंतीवर दोन फोटो असतात, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला. सकाळी आल्या आल्या ती आधी ते पुसते, मग पिठाला हात लावते. तिथं नुसते दोन खिळे होते.

“फोटो कुठायत रे?” मी भाच्याला विचारलं.

“फ्रेममधी यायलेत मावशी. आत ठेवलेत. लगेच लावतो की परत.”

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण सगळ्यांदेखत वाढलेल्या पोरावर हात कुठं टाकायचा?

बाई आल्या. नऊवारी, नथ, सगळं. अक्कानं चहा टाकला होता. कप पुढं केला तर त्या म्हणाल्या, “नगं माय, मला चहानं ॲसिडिटी व्हायलीय.” अक्कानं पाणी आणलं. त्यांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढून दाखवली आणि गोड हसल्या. हल्ली कुणी विटाळ हा शब्द तोंडातून काढत नाही. हल्ली सगळ्यांना ॲसिडिटी असते, उपास असतो, नाही तर आत्ताच घरून घेऊन निघालेले असतात. शिकलेल्यांच्या घरांतून मी हे इतकं पाहिलं आहे की असला आजार ऐकला तरी मला ओकारी येते.

त्या अक्काच्या पाटावर बसल्या, अक्काच्या काटवटीपुढं, पिठात हात घालून. अक्कानं थापलेली भाकरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांनी कडेला धरली. कॅमेरावाल्यानं अक्काला हातानं खूण केली, जरा बाजूला व्हा. अक्का सरकली. आणखी सरका म्हणाला. अक्का स्वतःच्या शेडच्या दाराबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. काम संपल्यावर बाईंनी आपल्याच बाटलीतलं पाणी हातावर घेऊन पीठ धुतलं, पदराला हात पुसले आणि अक्काला म्हणाल्या, “लई हौसेचं काम करायलीस बघ तू.”

अक्का त्या ओल्या मातीकडं बघत होती.

पान झालं. भाच्यानं मला पाठवलं. ‘एका आईच्या मायेचा प्रवास.’ चुलीवरची भाकरी. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. आजीच्या हातची चव. आमचं व्हिजन, आमचं मिशन. ‘चविष्ट’ तर तीन वेळा. अक्काचं नाव कुठंही नव्हतं. ज्या बाईला कालपर्यंत भाकरी करणारी म्हणून पंचक्रोशी ओळखत होती ती तिच्याच धंद्याच्या पानावर नव्हती, आणि जिनं तिच्या घरचा चहा घेतला नाही ती तिथं हसत बसली होती. मी फोन उलटा करून ठेवला.

पुढं येळवस जवळ आली. येळवस म्हणजे आमच्याकडं शेतात जाऊन जेवायचा सण. बाहेरगावी नोकरीला गेलेल्यांना त्या दिवसांत घरच्या जेवणाची फार आठवण येते. वेबसाइटवरून अक्काला कधी नव्हे एवढी मोठी मागणी आली. त्यातच भाच्याचा मला फोन. आवाजात नुसता आनंद.

“मावशी, वरच्या आळीतल्या बाईच्या पोरीनं पुण्यावरून मागविलं होतं. तिचा मेसेज आलाय, ऐक. ‘पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. अगदी माझ्या आईच्या हातची चव.’ मी लगेच टाकलो बघ आमच्याविषयीच्या पानावर!”

“आईला वाचून दाखवलास?” मी विचारलं.

“दाखवलो की.”

“मग?”

“उठून हात धुतली, आत गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला तेव्हा आवाजातला आनंद गेला होता. अक्का शेडमध्ये आली होती, पण पिठाला हात लावत नव्हती. तिनं हात लावला नाही म्हणून कुणीच लावत नव्हतं. मी शाळेतून रजा घेतली आणि गेले.

शेडमध्ये सगळ्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पीठ चाळून ठेवलेलं, आधणाचं पाणी निवून गेलेलं. समोरच्या भिंतीवर अजून नुसते दोन खिळेच होते; कॅमेरावाला पुन्हा येणार म्हणून भाच्यानं फोटो आतच ठेवले होते आणि अक्का ते रोज आत जाऊन पुसायची. अक्का पाटावर बसली होती, हात मांडीवर, स्वच्छ धुतलेले.

“आई, पार्सल आज निघायला पायजे गं,” भाचा रडकुंडीला आला होता. “येळवशीला पोचलं न्हाई तर माणसं शिव्या घालतील.”

“मग सांग की तिला,” अक्का म्हणाली.

“कुणाला?”

“फोटोत बसलीय तिला. तिच्या हातची चव हाय म्हणं. तिलाच बोलव थापायला.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. भाचा माझ्याकडं बघायला लागला, मी काही तरी बोलून सोडवीन म्हणून. मी माझी पिशवी खाली ठेवली आणि बायकांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

मग तो माझ्यावरच उखडला. “तुला काय म्हाईत हाय, मावशी? तू इथंच ऱ्हायलीस. मी शिकायला बाहेर होतो तवा खोलीतल्या पोराला माझं आडनाव कळलं आणि त्यानं खोली बदलली. तोंडावर काही बोलला न्हाई. वास येतंय म्हणाला खोलीला. मी त्या खोलीत वरीसभर एकटा ऱ्हायलो. आईच्या भाकरीला बी तसंच व्हावं व्हय? पाकीट बदलून ठेवावं लोकांनी?”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्यावरचा माझा राग तिथंच विरला, आणि किळस मात्र दुपटीनं वाढली, कारण आता ती कुणा एकाची राहिली नव्हती. ज्या पोराला खोलीत एकटं पाडलं, त्याच पोरानं आपल्या आईला शेडबाहेर उन्हात उभं केलं होतं, आणि त्याला ते धंद्याचं शहाणपण वाटत होतं.

अक्का उठली. लेकाजवळ गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बदलू दे पाकीट. ज्याला बदलायचंय त्यानं बदलू दे. मी न्हाई दुसरीचं तोंड लावून भाकरी करणार. आधी आतले फोटो आण.”

तो आत गेला आणि दोन्ही फोटो घेऊन आला. पुसून त्यानं ते खिळ्यांना लावले. मग तिथंच, पिठाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून, आम्ही ते पान बदललं. प्रवास काढला, परंपरा काढली, चूल काढली, व्हिजन आणि मिशन काढलं. माझा जुना कागद मी पिशवीतून आणलाच होता. अक्का आत जाऊन मोरपंखी लुगडं नेसून आली. भाच्यानं मोबाइलवर फोटो काढला: काटवटीपुढं अक्का, शेगडीवर भाकरी, शेजारी बायका, मागं भिंत आणि भिंतीवरचं सगळं. अक्का हसली नाही, सरळ बघत राहिली. पहिली ओळ तिनं सांगितली तशी घातली: ‘या भाकरी मी करते.’ त्याच्यापुढं तिचं नाव आहे, पूर्ण. इथं मी ते मुद्दाम लिहीत नाही. ज्याला हवं त्यानं ते पान शोधून वाचावं.

मग पाणी पुन्हा आधणाला ठेवलं आणि बायकांनी पदर खोचले. पार्सल दिवस मावळायच्या आत निघालं. मलाही थापायला बसवलं होतं, पण माझ्या भाकरीच्या कडा फाटायच्या म्हणून मला पाकिटं बंद करायच्या कामावर हलवलं.

धंद्याचं म्हणाल तर काही मागण्या बंद झाल्या. कुणी कारण सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. काही नवीन आल्या. भाचा अधूनमधून अजून कुरकुरतो, पण फोटो बदलू या असं पुन्हा म्हणाला नाही. गडबडीत एक गोष्ट मात्र पानावर तशीच राहून गेली होती. अक्काच्या फोटोखाली पुण्याच्या त्या मुलीचा मेसेज, तिच्या नावासकट: ‘अगदी माझ्या आईच्या हातची चव.’

येळवस होऊन गेल्यावर एका दुपारी मी अक्काकडं गेले होते. भाचा मोबाइल घेऊन शेडमध्ये आला. त्या मुलीचा पुन्हा मेसेज आला होता. तिनं नवं पान बघितलं होतं. फार सभ्य मराठीत लिहिलं होतं तिनं. गैरसमज नसावा, आम्ही असलं काही मानत नाही, पण आता तिथं माझा अभिप्राय बरा दिसत नाही, नातेवाईक विचारतात, तरी कृपया काढून टाकावा.

“काय करू आई?” भाच्यानं विचारलं.

अक्का भाकरी थापत होती. तिनं ती उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“काढ म्हणती तर काढ की,” ती म्हणाली. “पर तिला एवढं इचार. लिवलेलं मी काढते, खाल्लेलं ती कसं काढणार हाय?”